घाट समोर बसून काढावा, मागे तारीख लिहावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कोल्हापूर शहरातील एका आंतरशालेय चित्रप्रदर्शनाला गेलो होतो. विषय पंचगंगेच्या घाटाचा होता आणि पाचवी ते दहावीच्या मुलांची शंभराच्या आसपास चित्रे मांडलेली होती. मुलांनी मेहनत घेतली होती, काहींचा हात वयाच्या मानाने फार चांगला होता, म्हणून मी प्रत्येक चित्रापुढे थांबत चाललो होतो. दुसऱ्या भिंतीशी आल्यावर मात्र शंका आली आणि मागे फिरून पहिली भिंत पुन्हा पाहिली. जवळजवळ सगळ्या चित्रांत एकच संध्याकाळ होती: केशरी आकाश, त्यावर काळ्या पडलेल्या मंदिरांच्या आकृती, डाव्या कोपऱ्यात एक होडी आणि खाली निळेभोर पाणी. चौकशी केली तेव्हा कळले की, संदर्भासाठी म्हणून एक छायाचित्र सर्व शाळांना मोबाइलवर पाठवले गेले होते आणि मुलांनी ते पडद्यावर मोठे करून घरी बसून काढले होते. बक्षीस मिळालेला एक मुलगा गंगावेशीत राहणारा, म्हणजे घाटापासून हाकेच्या अंतरावरचा निघाला. चित्रासाठी तो घाटावर गेला नव्हता, कारण त्याला कोणी जायला सांगितलेच नव्हते.

मुलांचा यात काही दोष नाही. मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली आणि त्या काळात मीही कितीतरी मुलांना वर्गाच्या चार भिंतींत बसवून दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, नागमोडी नदी, झोपडी आणि नारळाचे झाड असे ‘निसर्गचित्र’ काढू दिले आहे, याची आज खंत वाटते. कोल्हापूरच्या मुलाने नदी काढताना नारळाचे झाड काढावे आणि पलीकडच्या वडणग्याच्या बाजूची उसाची शेते व त्यांच्याही मागे निळसर दिसणारा जोतिबाचा डोंगर काढू नये, हे त्याच्या डोळ्यांचे नुकसान आहे. पूर्वी हे नुकसान पाठ केलेल्या चित्राने होत होते, आता ते मोबाइलच्या छायाचित्राने होते आहे. माझी विनंती साधी आहे. शहरातील मुलांनी आणि मोठ्यांनीही घाट समोर बसून काढावा, हाताशी असेल त्या माध्यमात काढावा, आणि प्रत्येक चित्रामागे दिवस, वेळ, जागा व त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहून ठेवावी. असे का म्हणतो, ते थोडे सविस्तर सांगण्याची परवानगी द्यावी.

आपला घाट नदीच्या शहराकडच्या काठावर आहे आणि पायऱ्यांवर बसले की तोंड साधारण पश्चिमेकडे होते. सूर्य पाठीमागून, शहराच्या अंगाने वर येतो. त्यामुळे सकाळी पायऱ्या बराच वेळ सावलीत राहतात आणि ऊन आधी पात्रातल्या मंदिरांच्या शिखरांना लागून मग हळूहळू दगड उतरत पाण्याशी येते. त्या अर्ध्या-पाऊण तासात काळ्या दगडात जे रंग दिसतात, राखाडी, जांभळट, शेवाळलेला हिरवा, चुन्याच्या जुन्या हातामुळे आलेला पिवळट पांढरा, त्यांतला एकही संध्याकाळच्या छायाचित्रात नाही. संध्याकाळी सूर्य समोर असतो, दगड काळा पडतो आणि आकृतीची केवळ कडा उरते. ती सुंदर नसते असे कोण म्हणेल? पण कॅमेऱ्याला ती सोपी जाते म्हणून आपण सारे तीच पाहत बसलो आहोत, आणि घाटाचा दिवसभराचा बाकीचा उजेड कोणाच्याच कागदावर येत नाही.

पाण्याचे तर याहून अवघड आहे. प्रतिबिंब म्हणजे वरचे चित्र उलटे करून खाली चिकटवणे, अशी मुलांची समजूत असते आणि छायाचित्रावरून काढताना ती पक्की होते. प्रत्यक्ष बसल्यावर दिसते की, पाण्यात मंदिराच्या छज्जाची खालची बाजू दिसते, जी वर पाहताना दिसत नाही. कारण आपला डोळा पाण्याच्या जितका वर असतो, तितकाच पाण्याच्या खालून पाहिल्यासारखे प्रतिबिंब पडते. काठामागचे झाड वर दिसत असले तरी प्रतिबिंबात ते काठाआड लपू शकते. उजळ वस्तूचे प्रतिबिंब थोडे मळते आणि काळ्या वस्तूचे थोडे फिके होते, कारण पाणी पडलेला सगळा उजेड परत पाठवत नाही आणि स्वतःचा रंग त्यात मिसळते. पायाशी, जिथे आपण जवळजवळ सरळ खाली पाहतो, तिथे आकाश फारसे उमटत नाही, पाण्याचा स्वतःचा रंग आणि बुडालेली पायरी दिसते. दूरवर, नजर तिरकी झाल्यावर, तेच पाणी आकाशाचा आरसा होते. एकाच कागदावर पाण्याचे हे दोन स्वभाव आणता आले, तर मुलगा वर्गात वर्षभर शिकणार नाही इतके एका सकाळी शिकतो. वाऱ्याची एक झुळूक आली की प्रतिबिंबे उभी लांबतात आणि तुटतात, हेही त्याला सांगावे लागत नाही.

नदीचे वर्षही ध्यानात घ्यायला हवे. पावसाळा संपल्यावर खाली कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात. घाटासमोरचे पाणी तुंबून शांत होते आणि प्रतिबिंबांचा हंगाम सुरू होतो. माझ्या पाहण्यातली घाटाची जलरंगातली उत्तम चित्रे दिवाळी ते महाशिवरात्र या काळातली आहेत, त्याचे मुख्य कारण हे बरगे आहेत, असे माझे मत आहे. कोल्हापूर पद्धतीचा म्हणून ओळखला जाणारा हा बंधारा पाटबंधाऱ्याच्या पुस्तकात असतो, पण चित्रकाराच्या वहीतही त्याला जागा असायला हवी. डिसेंबरच्या पहाटे पाण्यावर धुके असते तेव्हा पलीकडचा काठ दिसतच नाही आणि मंदिरे पाण्यावर ठेवल्यासारखी वाटतात. उन्हाळ्यात पाणी उतरून खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर आदल्या वर्षीच्या गाळाच्या रेषा वाचता येतात. जूनमध्ये बरगे निघतात, पाऊस लागतो आणि चार दिवसांत नदीचा रंग बदलतो.

एका जुलैमध्ये आठवीच्या वीस-बावीस मुलांना घेऊन मी घाटाच्या वरच्या अंगाला, सुरक्षित अंतरावर छत्र्यांखाली बसलो होतो. एका मुलीने रंगपेटीतली निळी वडी ओली करून ठेवली होती. बराच वेळ पाण्याकडे पाहून तिने विचारले, “सर, पाणी निळं कुठाय?” मी काही बोललो नाही. तिने निळी वडी पुसली आणि पिवळी माती व तपकिरी मिसळून कागदभर तांबडे पाणी पसरले, वर आकाशासाठी तोच रंग अगदी पातळ केला. पावसाळी ढगाखाली आकाश आणि गढूळ पाणी किती जवळ येतात, हे तिला त्या दिवशी दिसले. ते चित्र आजही माझ्याकडे आहे. त्यात मंदिरे वाकडी आहेत, पण नदी खरी आहे.

माध्यमांबद्दल चार शब्द लिहितो, कारण ‘घाट जलरंगातच काढायचा’ हा समजही आपल्याकडे घट्ट आहे. जलरंग ही कोल्हापूरची जुनी आवड आहे आणि पाण्यासाठी तो स्वाभाविकही आहे. पारदर्शक रंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागदाचा पांढरा राखायचा असतो. म्हणून पाण्यावरच्या उन्हाची चमक कुठे सोडायची, हे पहिला कुंचला टेकवण्याआधी ठरवावे लागते. पातळ कार्ट्रिज कागद ओला झाला की फुगतो आणि मुले रडकुंडीला येतात, तेव्हा पालकांनी शक्य असेल तर जाड, ३०० जीएसएमच्या आसपासचा खरबरीत कागद निदान दोन-चार पाने तरी घेऊन द्यावा. काळ्या दगडासाठी नळीतला काळा वापरू नये, अशी माझी कळकळीची सूचना आहे. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा यांच्या मिश्रणातून येणारा काळा कधी उबदार, कधी गार करता येतो; कोरडा दगड आणि भिजलेला दगड यांतला फरक त्यानेच दाखवता येतो. आपल्या घाटाचा बेसॉल्ट कोरडा असताना राखाडी असतो आणि भिजला की एकदम गडद होतो. पाण्यालगतची ती गडद पट्टी चित्रात आली की मंदिर पाण्यात उभे राहते, ती राहून गेली की ते पाण्यावर तरंगते.

पुराला मात्र जलरंग पुरत नाही, तिथे चारकोल हवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या बाजूच्या पेठांत शिरले, तेव्हा मी एका नातेवाइकांच्या गच्चीवरून सलग दोन दिवस एकाच ठिकाणाची रेखाटने केली. पावसात रंग वाळत नव्हता, वीज नव्हती, आणि समोर जे होते त्याला रंगही फारसा नव्हता. पहिल्या दिवसाच्या कागदावर समोरच्या घराची खिडकी पूर्ण दिसते. दुसऱ्या दिवसाच्या कागदावर तिचा केवळ वरचा भाग आहे. दोन्हींच्या मागे मी वेळ लिहिली होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा त्याच गच्चीवर, त्याच कोपऱ्यात बसून तिसरे रेखाटन केले. ही तीन रेखाटने घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवतो, तेव्हा ते कलेविषयी एक शब्द बोलत नाहीत, आपापल्या घरातले पाणी कुठवर आले होते ते बोटाने दाखवू लागतात. चित्रामागे तारीख लिहिण्याची सवय मला त्या दिवसांपासून लागली.

काळ्या शाईचे टोक आणि साधे फाउंटन पेनही घाटावर फार उपयोगी पडते. गवळ्यांच्या म्हशी नदीत उतरल्या की त्यांची पाठ, शिंगे आणि नाकपुड्या एवढेच पाण्यावर उरते. चार रेषांत म्हैस होते आणि ती हलली तरी बिघडत नाही. दिवाळी पाडव्याला रंगवलेल्या शिंगांच्या, सजवलेल्या म्हशी मिरवतात, त्या दिवशी वहीचे प्रत्येक पान भरते. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर हजारो पणत्या लागतात, तेव्हा पांढरा कागद आणि जलरंग घेऊन जाणाऱ्यांची निराशा होते, कारण अंधार रंगवता रंगवता ज्योतीसाठी राखलेली जागा हरवते. तिथे काळा किंवा गडद निळा कागद आणि पेस्टलचे खडू न्यावेत. अंधार कागदातच असतो, आपण नुसते दिवे लावायचे. तैलरंगाचे मी फार सांगणार नाही. ते घाटावर नेणे जिकिरीचे आहे आणि मला ते कधी साधले नाहीत, पण पावसाळ्यातल्या जड, चिखलाच्या पाण्याला तैलरंगाच्या जाड थराइतके न्याय देणारे दुसरे माध्यम नाही, हे इतरांची चित्रे पाहून मान्य करावे लागते.

पावडर शेडिंगचा उल्लेख केल्याशिवाय मात्र कोल्हापूरच्या माणसाला पुढे जाता येत नाही. चित्रपट अभिनेते म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांनी रंगाच्या कोरड्या भुकटीतून छटा चढवत काढलेली निसर्गचित्रे राजारामपुरीतील त्यांच्या ‘निसर्ग’ या घरी, म्हणजे आता त्यांच्या नावाच्या कलासंग्रहालयात, पाहायला मिळतात. हे घर आणि ही चित्रे त्यांनी शासनाच्या स्वाधीन केली. धुक्यातली झाडे, दूरचे डोंगर आणि संथ पाणी यांना कोरड्या भुकटीने जी मऊ कडा येते, ती ओल्या रंगाला सहज येत नाही. शहरातील किती विद्यार्थ्यांनी हे संग्रहालय पाहिले आहे, असा प्रश्न मी निवृत्तीच्या वर्षी एका वर्गात विचारला होता, तेव्हा चाळीसांपैकी तीन हात वर आले. राजारामपुरीत शिकवणीला जाणारी मुले त्या रस्त्याने रोज जात होती.

आणि चित्रकार आबालाल रहिमान. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने इथेच राहिले. कोटीतीर्थ तलाव, रंकाळा तलाव, त्यातला संध्यामठ, पंचगंगा या परिसरात त्यांनी बसून चित्रे काढली. पेन्सिल, शाई, जलरंग, पेस्टल, तैलरंग, कोणतेच माध्यम त्यांनी परके मानले नाही. रंगांचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवून उजेड थरथरता करण्याची त्यांची रीत आजही चित्रकारांना थांबवून ठेवते. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे कोटीतीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९३१ मध्ये ते गेले. ही हकिगत मी लहानपणी ऐकली तेव्हा त्या चित्रकाराच्या दुःखाचे नवल वाटले होते. आता सत्तरीच्या उंबरठ्यावर मला त्या चित्रांतल्या पाण्याचे दुःख होते. शंभर वर्षांपूर्वी रंकाळ्याचा काठ कसा होता, पंचगंगेच्या पलीकडे काय दिसत होते, संध्यामठ कोणत्या महिन्यात किती बुडत होता, हे आपल्याला त्या कागदांवरून कळले असते. जी चित्रे उरली, त्यांतली काही टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत आणि ती पाहायला जाणे आपल्या हातात आहे. पण आपल्या काळातली नदी पुढच्यांसाठी नोंदवून ठेवणे, हेही आपल्याच हातात आहे.

म्हणून तारखेचा आणि पातळीचा आग्रह. पावसाळ्यात आपल्या दैनिकातही रोज राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी फूट-इंचांत छापून येते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. तोच आकडा चित्रामागे लिहायला किती वेळ लागतो? शिवाजी पुलाचे उदाहरण घ्या. जुन्या दगडी पुलाच्या कमानी शांत पाण्यात पूर्ण उतरतात, तेव्हा वरची कमान आणि खालची कमान मिळून एक बंद आकार होतो. पाणी चढू लागले की कमानीची उंची कमी होते आणि तो आकार चपटा होत जातो. एकाच ठिकाणाहून, एकाच मापाच्या कागदावर महिन्यातून एकदा ही कमान काढली, तर वर्षाअखेरीस बारा कागदांत नदीचे वर्ष उभे राहील, आणि ते काढणाऱ्याला यथार्थदर्शन व लंबवर्तुळ वेगळे शिकवावे लागणार नाही. छायाचित्रेही ही नोंद ठेवतात, असे कोणी म्हणेल आणि ते खरे आहे. परंतु छायाचित्र काढायला एक क्षण पुरतो. कमान काढायला दोन तास त्या पाण्याकडे पाहावे लागते, आणि इतका वेळ ज्याने नदीकडे पाहिले, त्याला तिच्यात काय बदलले ते कळल्याशिवाय राहत नाही.

मला ते असेच कळले. विद्यार्थिदशेत आम्ही कुंचला धुण्यासाठी नदीतूनच मगभर पाणी घेत असू. आता घरून बाटली न्यावी लागते, कारण नदीच्या पाण्याने लावलेला पातळ हात वाळल्यावर कागदावर मळकट कड धरतो. जयंती नाल्यातून आणि इतर नाल्यांतून सांडपाणी नदीत जाते, उन्हाळ्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरते आणि त्या वेळी पाण्यावर आकाश उमटत नाही, नुसता हिरवा गालिचा दिसतो. काही चित्रकार मित्र केंदाळ चित्रातून वगळतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्या एप्रिलमध्ये केंदाळ आहे, त्या एप्रिलच्या चित्रात ते आलेच पाहिजे, आणि मागे तारीखही आली पाहिजे.

शाळांना माझे सांगणे आहे ते असे. शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असते. प्रत्यक्ष जागेवर बसून निसर्गचित्र काढण्याचा पेपर नसतो. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुले या परीक्षांना बसतात आणि शिक्षकही जे विचारले जाते तेच शिकवतात, हे मी आतून पाहिले आहे. तरीही वर्षातून तीन सकाळी, एक पावसात, एक दिवाळीनंतर आणि एक उन्हाळ्यात, इयत्ता सातवी-आठवीचा एक वर्ग घाटावर नेणे कोणत्याही पेठेतल्या शाळेला अशक्य नाही. पावसाळ्यात पात्राजवळ मुलांना नेऊ नये, वरच्या रस्त्यावरून काढू द्यावे. दोन मोठी माणसे सोबत असावीत. घाटावर अंत्यविधी आणि दशक्रियेसाठी आलेली कुटुंबे असतात. त्यांच्यासमोर बोर्ड मांडून बसू नये आणि दुःखातल्या माणसांना चित्रात घेऊ नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. मुले ते फार समजूतदारपणे पाळतात, असा माझा अनुभव आहे. आणि स्पर्धा घेणाऱ्यांनी संदर्भाचे छायाचित्र पाठवण्याऐवजी, चित्र कोणत्या दिवशी व किती वाजता घाटावर बसून काढले, ते मागे लिहिलेले असावे, एवढी एकच अट घालावी.

कोल्हापूरला हे नवे नाही. टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार संस्थेच्या ‘मैफल रंगसुरांची’मध्ये लोकांसमोर, गाणे ऐकत ऐकत चित्रे काढणारे चित्रकार आपण पाहत आलो आहोत. तीच माणसे, तीच आस्था वर्षातून काही दिवस नदीकाठीही आली, तर मुलांना शेजारी बसून पाहायला मिळेल. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात वर्षातून एकदा केवळ नदीची, केवळ त्या वर्षातली आणि मागे तारीख असलेली चित्रे महिन्यांच्या क्रमाने लावली जावीत, अशी माझी इच्छा आहे. त्यात नावाजलेल्या चित्रकाराच्या शेजारी सातवीतल्या मुलीचे तांबड्या पाण्याचे चित्र असायला काहीच हरकत नाही, कारण तिथे क्रम गुणवत्तेचा नसून दिवसांचा असेल.

आपल्याकडे एकच मागणे आहे. जूनपासून आपण नदीची पातळी ज्या चौकटीत छापता, तिच्या शेजारी दर रविवारी वाचकाने काढलेले घाटाचे एक लहान रेखाटन छापावे आणि खाली दिवस, वेळ, माध्यम व पातळी द्यावी. पेन्सिलचे किंवा शाईचे रेखाटन एका स्तंभाच्या रुंदीत नीट छापले जाते, रंगाची गरज नाही. सुरुवातीसाठी या पत्रासोबत माझे एक रेखाटन जोडले आहे: शिवाजी पुलाच्या शहराकडच्या दोन कमानी, काळी शाई, सकाळी पावणेसात ते साडेआठ. दिवस आणि पातळी मागे लिहिली आहे.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक
शुक्रवार पेठ, कोल्हापूर